वाचकांचे प्रश्न : परदेशी व्यापाराचा पहिला धडा

वाणिज्य आणि व्यवस्थापनाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला जागतिक व्यवसाय हा विषय आला की व्याख्यांचा मारा सुरू होतो. या अंकासाठी आलेली बहुतेक पत्रे त्या व्याख्यांत अडकलेल्यांचीच आहेत. उत्तरे देताना आम्ही शक्य तिथे एकच माल डोळ्यांसमोर ठेवला आहे : नाशिक जिल्ह्यातली द्राक्षे, न्हावा शेवा बंदरातून रॉटरडॅमला निघालेला एक कंटेनर. हिशेबातले भाव आणि दर समजावण्यापुरते धरलेले आहेत, ते आजचे बाजारभाव नव्हेत.

सीआयएफ अटीत विक्रेता रॉटरडॅमपर्यंतचे भाडे भरतो, विमाही काढतो. मग वाटेत माल खराब झाला तर नुकसान खरेदीदाराचे कसे? पुस्तकात तसे दिले आहे, पण पटत नाही.
— विद्यार्थिनी, प्रथम वर्ष बीएमएस, डोंबिवली

पुस्तकात आहे ते बरोबरच आहे. भाडे कोण भरतो आणि जोखीम कुणाच्या डोक्यावर आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ते एकच आहेत असे समजले की सगळा गुंता होतो.

पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने ठरवलेल्या इनकोटर्म्स, म्हणजे आंतरराष्ट्रीय विक्रीच्या अटी, यांच्या २०२० च्या आवृत्तीत अकरा अटी आहेत. त्यांतल्या एफएएस, एफओबी, सीएफआर आणि सीआयएफ या चार फक्त जलवाहतुकीसाठी, बाकीच्या सात कुठल्याही वाहतुकीला चालतात. एफओबी (किंमत माल जहाजावर चढेपर्यंतची), सीएफआर (तीत भाडे मिळवलेले) आणि सीआयएफ (भाडे आणि विमा दोन्ही मिळवलेले) या तिन्हींत जोखीम विक्रेत्याकडून खरेदीदाराकडे जाते ती एकाच ठिकाणी, न्हावा शेवाला माल जहाजावर चढला तिथे. पुढचा समुद्र खरेदीदाराचा. सीआयएफमध्ये विक्रेता भाडे भरतो, पण ते किमतीत धरून वसूल करतो. विमाही तो खरेदीदारासाठी काढतो आणि पॉलिसी त्याच्या हवाली करतो. नुकसान झाले तर दावा खरेदीदारच लावतो.

आकड्यांत पाहू. कंटेनरमध्ये १३ टन द्राक्षे आहेत, पाच किलोच्या २,६०० पेट्या. एफओबी भाव किलोला १.८० युरो, म्हणजे २३,४०० युरो. भाडे ४,५०० युरो धरले की सीएफआर किंमत २७,९०० युरो होते. आता विमा. विम्याची रक्कम सीआयएफ किमतीच्या निदान ११० टक्के असावी लागते आणि विम्याचा दर आपण अर्धा टक्का धरला आहे. परीक्षेत इथे हमखास चूक होते, कारण विद्यार्थी ११० टक्के सीएफआरवर काढतात. सीआयएफ किमतीत विमा आधीच धरलेला असतो, म्हणून उलट भागाकार करायचा : २७,९०० भागिले (१ वजा १.१ × ०.००५), म्हणजे २७,९०० भागिले ०.९९४५. उत्तर २८,०५४.३० युरो, त्यात विमा १५४.३० युरो. या उदाहरणात दोन्ही रीतींतला फरक एका युरोहूनही कमी पडतो. पण युरोपीय संघात आणि भारतातही आयात शुल्क सीआयएफ किमतीवर मोजतात, अमेरिकेत एफओबीवर. म्हणून ही किंमत नेमकी काढता यायलाच हवी.

आता पुस्तकात सहसा न येणारी गोष्ट. सीआयएफमध्ये विक्रेत्यावर फक्त किमान विम्याचे बंधन आहे, त्याला इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस सी म्हणतात. जहाज बुडाले, आग लागली, टक्कर झाली तर तो विमा कामाला येतो. चोरी त्यात येत नाही. शीतकंटेनरचे यंत्र बंद पडून द्राक्षे मऊ पडली, तर तेही येत नाही, त्यासाठी वेगळे कलम विकत घ्यावे लागते. आणि उशीर! उशिरामुळे झालेले नुकसान सर्वांत व्यापक अशा ए क्लॉजमधूनही वगळलेले आहे. डिसेंबर २०२३ पासून लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे मोठ्या कंपन्यांची बहुतेक जहाजे सुएझ सोडून केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली आणि युरोपचा प्रवास दहा ते चौदा दिवसांनी लांबला. द्राक्षाला हे दिवस फार. देठ वाळून तपकिरी पडला की मणी चांगला असूनही भाव पडतो, आणि त्याची भरपाई विम्यातून मिळत नाही. नाशवंत माल विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने सौदा करतानाच हे बोलून घ्यावे.

आणखी एक. कंटेनरच्या मालाला एफओबी ही मुळात बरोबर अट नाही. कंटेनर बंदराच्या आवारात आधी जमा होतो आणि जहाजावर काही दिवसांनी चढतो. शीतकंटेनर त्या काळात आवारातल्या विजेवर चालतो. समजा त्याचा प्लग आठ तास निघून राहिला. द्राक्षे शून्य अंशाच्या आसपास राहायला हवीत, पेट्यांमधल्या तापमान-नोंद यंत्रावर पारा बारापर्यंत गेलेला दिसतो. एफओबीत हे नुकसान विक्रेत्याचे, कारण माल अजून चढलेला नाही. आणि त्या आवारात विक्रेत्याचा माणूस पायही ठेवू शकत नाही. एफसीए अट घातली तर कंटेनर वाहतूकदाराच्या ताब्यात दिला तिथेच जोखीम सुटते. मग सगळे एफओबी का लिहितात? कारण बँका ‘माल जहाजावर चढला’ अशी नोंद असलेले बिल ऑफ लेडिंग, म्हणजे वाहतूकदाराने दिलेली मालाची पावती, मागतात. २०२० च्या आवृत्तीत यावर तोड आहे. एफसीए ठेवूनही, खरेदीदाराने वाहतूकदाराला सांगून तशी नोंद असलेले बिल विक्रेत्याला मिळवून द्यावे, असे दोघांना करारात ठरवता येते.

एलसी (लेटर ऑफ क्रेडिट) म्हणजे बँकेची हमी. तरीही बँक ‘कागदांत तफावत आहे’ म्हणून पैसे थांबवते. माल वेळेत आणि चांगला पोचला असताना बँकेला हा अधिकार कसा?
— विद्यार्थी, द्वितीय वर्ष बी.कॉम., नाशिक

बँकेने हमी दिलेली असते ती कागदांवर. मालाशी तिचा संबंध नाही. १ जुलै २००७ पासून लागू असलेल्या यूसीपी ६०० या एलसीच्या नियमावलीचे पाचवे कलम हेच सांगते. चौथे कलम त्याहून पुढे जाते : मूळ विक्री करार आणि एलसी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. ही कठोरता विक्रेत्याच्याही फायद्याची आहे. कागद चोख असतील तर ‘द्राक्षे आंबट निघाली’ म्हणून खरेदीदाराला बँकेला थांबवता येत नाही.

एलसी आला की फाइलला लावून ठेवू नका, आधी वाचा. बँका एलसी पाठवतात त्या स्विफ्ट यंत्रणेच्या एमटी ७०० संदेशात प्रत्येक रकान्याला क्रमांक असतो. ३१डी मध्ये एलसी संपण्याची तारीख आणि ठिकाण, ४४सी मध्ये माल चढवण्याची शेवटची तारीख, ४५ए मध्ये मालाचे वर्णन, ४६ए मध्ये लागणारे कागद, ४७ए मध्ये जादा अटी आणि ४८ मध्ये कागद किती दिवसांत सादर करायचे ते. सर्वांत जास्त घोळ ४७ए मध्ये लपलेले असतात. ‘तपासणी प्रमाणपत्रावर खरेदीदाराच्या प्रतिनिधीची सही हवी’ अशी ओळ तिथे दिसली तर जागीच थांबा. तो प्रतिनिधी आला नाही तर तुमचे पैसे त्याच्या सहीवर लटकले. अशी अट माल भरण्याआधी दुरुस्ती मागून काढून टाकायची असते. जहाज सुटल्यावर ती काढायला खरेदीदार तयार होईलच असे नाही.

तफावती कुठे निघतात, ते याच कंटेनरवर पाहू.

एलसीत ‘२,६०० पेट्या’ असे लिहिले आहे आणि शेवटच्या पॅलेटवरच्या दहा पेट्या ओल्या निघाल्या म्हणून तुम्ही २,५९० भरल्या. ही तफावत. पण एलसीत ‘१३ टन’ असे असते, तर तिसाव्या कलमाप्रमाणे पाच टक्के कमी-जास्त चालते, फक्त एकूण रक्कम एलसीच्या वर जाता कामा नये. नगांत किंवा पेट्यांत प्रमाण दिले की ही सूट जाते. एलसीचा मसुदा ठरत असताना एक शब्द बदलून घेतला असता, तर दहा पेट्यांवरून अडचण आली नसती.

मालाचे वर्णन इन्व्हॉइसवर एलसीशी जुळलेच पाहिजे. बाकीच्या कागदांवर ते सर्वसाधारण शब्दांत असले तरी चालते, विसंगत मात्र नको. एलसीत ‘थॉमसन सीडलेस’ असेल आणि इन्व्हॉइसवर नुसते ‘फ्रेश ग्रेप्स’, तर बँक परत पाठवणार.

तारखा. वेगळे काही लिहिले नसेल तर माल चढल्यापासून २१ दिवसांत मूळ कागद सादर करायचे असतात, आणि तेही एलसीची मुदत संपायच्या आत. दोन्हींपैकी जी तारीख आधी येईल ती तुमची. एलसीची शेवटची तारीख बँकेच्या सुट्टीवर आली तर पुढच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत मुदत मिळते. माल चढवण्याची शेवटची तारीख रविवारी आली तर ती मात्र पुढे सरकत नाही. हा फरक परीक्षेत विचारण्यासारखा आहे आणि व्यवहारात महाग पडणारा आहे.

बिल ऑफ लेडिंग ‘क्लीन’ हवे, म्हणजे माल किंवा वेष्टन खराब असल्याचा शेरा त्यावर नको. ‘क्लीन’ हा शब्द छापलेला असण्याची गरज नाही. तसेच इन्व्हॉइसवर सही नसली तरी चालते. एलसीने सही मागितली असेल तर मात्र हवी.

तुमच्या बाजूनेही नियम आहेत. कागद तपासायला बँकेला जास्तीत जास्त पाच कामकाजी दिवस मिळतात. नाकारायचे असेल तर त्या मुदतीत एकाच सूचनेत सगळ्या तफावती नावानिशी सांगाव्या लागतात. आज एक, परवा दुसरी असे चालत नाही. नंतर सुचलेली तफावत बँकेला पुढे करता येत नाही. तफावत दुरुस्त होण्यासारखी असेल आणि मुदत शिल्लक असेल, तर कागद सुधारून पुन्हा द्यावेत. म्हणूनच कागद विसाव्या दिवशी देण्यापेक्षा सातव्या-आठव्या दिवशी द्यावेत. दुरुस्तीला जागा राहते.

रिकार्डोच्या उदाहरणात पोर्तुगाल कापड आणि दारू दोन्ही इंग्लंडपेक्षा कमी श्रमांत करतो. मग त्याने इंग्लंडकडून काही घ्यायचेच कशाला?
— विद्यार्थी, प्रथम वर्ष बी.ए. अर्थशास्त्र, लातूर

डेव्हिड रिकार्डोने १८१७ साली मांडलेले चार आकडे आधी कागदावर लिहा. इंग्लंडला ठरावीक कापडासाठी १०० माणसांचे वर्षभराचे श्रम लागतात आणि ठरावीक दारूसाठी १२०. पोर्तुगालला तेवढ्याच कापडासाठी ९० आणि तेवढ्याच दारूसाठी ८०.

दोघांनीही दोन्ही वस्तू घरीच केल्या तर इंग्लंडचे २२० आणि पोर्तुगालचे १७०, मिळून ३९० श्रम खर्ची पडतात. आता इंग्लंडने फक्त कापड केले, दुप्पट, तर २०० लागतात. पोर्तुगालने फक्त दारू केली, दुप्पट, तर १६०. वस्तू तेवढ्याच तयार झाल्या आणि श्रम ३६० वर आले. वाचलेले ३० कुठून आले? दोघांनीही माणसे स्वतःला तुलनेने स्वस्त पडणाऱ्या कामावर लावली, पोर्तुगालने मागावरून उठवून द्राक्षाच्या मळ्यात आणि इंग्लंडने दारूवरून काढून मागावर, तिथून.

पोर्तुगालने स्वतःची तुलना इंग्लंडशी करायचीच नाही. त्याने विचारायचे ते एवढेच : एक कापड घरी विणले तर मला किती दारूवर पाणी सोडावे लागते? ९० भागिले ८०, म्हणजे १.१२५. इंग्लंडला तोच प्रश्न विचारला तर उत्तर १०० भागिले १२०, म्हणजे ०.८३. एका कापडाला ०.८३ ते १.१२५ दारू या दोन टोकांमधला कुठलाही भाव दोघांना परवडतो. एकास एक ठरला तर पोर्तुगालचे १० श्रम वाचतात आणि इंग्लंडचे २०. इंग्लंडने १.२ दारू मागितली तर मात्र पोर्तुगाल घरीच विणेल. बहुतेक उत्तरपत्रिकांत श्रमांची बचत असते, पण हा भावाचा पट्टा नसतो, आणि गुण तिथेच जातात.

या हिशेबात काय धरून चालले आहे तेही लिहा : वाहतूक फुकट, माणसे देशाबाहेर जात नाहीत, आणि विणकर उद्या सकाळी मळेकरी होऊ शकतो. तिसरे गृहीतक खऱ्या आयुष्यात सर्वांत दुबळे आहे. देशाचा फायदा झाला म्हणजे मागावरून उठलेल्या माणसाचा झाला, असे रिकार्डोच्या आकड्यांतून निघत नाही.

निर्यात शुल्क, किमान निर्यात मूल्य आणि निर्यातबंदी यांतला फरक वर्गात शिकवायला महाराष्ट्रातले एकच उदाहरण हवे आहे.
— सहायक प्राध्यापिका, निफाड तालुका

तुमच्या दाराशी कांदा आहे. दोन वर्षांच्या आत केंद्र सरकारने ही तिन्ही साधने त्यावर वापरली. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य. ८ डिसेंबर २०२३ पासून बंदी. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क लागू झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेले आणि शुल्क २० टक्क्यांवर आले. १ एप्रिल २०२५ पासून तेही संपले. ही कालरेषा फळ्यावर काढा आणि प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारा : परदेशातला व्यापारी टनाला ५०० डॉलर द्यायला तयार आहे, तर लासलगावात काय होईल?

२० टक्के शुल्क असताना माल जातो. शुल्क एफओबी किमतीवर बसते, म्हणजे ५०० मधले १०० डॉलर सरकारकडे. निर्यातदाराच्या हाती ४०० उरतात. डॉलर ८५ रुपये धरला तर टनामागे ३४,००० रुपये, क्विंटलला ३,४००. शुल्क नसते तर ४,२५०. हा ८५० रुपयांचा फरक निर्यातदार स्वतःच्या खिशातून भरत नाही. गोणी, हमाली, बंदरापर्यंतची गाडी हे खर्च ठरलेले असतात, म्हणून बाजार समितीतल्या लिलावात तो बोली कमी लावतो. परदेशातल्या ग्राहकाला दुसरीकडे कांदा मिळत नसेल तर तो भाव थोडा वाढवून देतो आणि ओझे वाटले जाते. मिळत असेल तर सगळे ओझे शेतकऱ्यावर येते. शुल्क कोण भरतो आणि सोसतो कोण, हे वेगळे करून दाखवायला याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

५५० डॉलर किमान मूल्य असताना तोच माल जातच नाही, कारण ५०० चा सौदा कस्टममध्ये मान्य होत नाही. सरकारला एक पैसा मिळत नाही. वर कागदावर ५५० दाखवून वरचे ५० परत करण्याचा मोह तयार होतो. तो गुन्हा आहे, पण साधनच तशी फट ठेवते. भाव ६०० डॉलरवर गेला तर मात्र किमान मूल्याचा काही परिणाम उरत नाही. शुल्काचा परिणाम प्रत्येक भावाला राहतो.

बंदी असताना ग्राहकाने हजार डॉलर देऊ केले तरी माल जात नाही. तात्पुरता भाव पडतो तो दिसतो. न दिसणारे नुकसान हे की कोलंबोचा किंवा दुबईचा आयातदार दुसऱ्या देशाशी वर्षाचा करार करून मोकळा होतो, आणि बंदी उठली म्हणून दुसऱ्या दिवशी परत येत नाही. आमच्या मते तिन्हींत हे सर्वांत महाग साधन आहे.

नियमांची बाजूही सांगा. जागतिक व्यापाराचे नियम ठरवणाऱ्या गॅट कराराचे अकरावे कलम निर्यातीवर संख्यात्मक बंधने घालू देत नाही, पण अन्नपदार्थांची गंभीर टंचाई टाळण्यासाठी तात्पुरती बंदी चालते. निर्यात शुल्काला त्या कलमात मनाई नाही. भारत १९४७ च्या गॅटच्या मूळ २३ सभासदांपैकी एक आहे.

रुपया घसरला की निर्यातदाराचा फायदा होतो, हे विधान बरोबर मानायचे का?
— विद्यार्थी, द्वितीय वर्ष बीबीए, पुणे

अर्धे. निर्यातदाराला ५०,००० डॉलर येणार आहेत. दर ८४ वरून ८६ झाला तर ४२ लाखांचे ४३ लाख झाले, एक लाखाचा लाभ. हे द्राक्षाच्या बाबतीत बरेचसे खरे आहे, कारण खर्च रुपयांत होतो. पण हिऱ्यांचा व्यापारी कच्चा हिरा डॉलरमध्ये आणतो आणि पैलू पाडून डॉलरमध्ये विकतो. त्याने ५०,००० पैकी ३०,००० डॉलर कच्च्या मालाला दिले असतील तर लाभ उरलेल्या २०,००० वरच, म्हणजे ४०,००० रुपये. शिवाय परदेशी ग्राहकही रोज दर पाहतो आणि पुढच्या सौद्यात सूट मागतो.

दराची अनिश्चितता नको असेल तर फॉरवर्ड करार करतात, म्हणजे पुढच्या तारखेचा दर बँकेशी आजच बांधून घेतात. तीन महिन्यांनंतरचा दर बँक मनाने सांगत नाही, तो दोन देशांच्या व्याजदरांतून निघतो. आजचा दर ८५, इथले व्याज साडेसहा टक्के, अमेरिकेतले साडेचार धरा. ८५ × १.०१६२५ ÷ १.०११२५, उत्तर ८५.४२. याला रुपया पडण्याचे भाकीत समजू नका, तो निव्वळ व्याजाचा फरक आहे. आणि लक्षात ठेवा, जहाज चुकले आणि डॉलर वेळेत आले नाहीत, तरी करार पाळावाच लागतो. तो रद्द करताना त्या दिवसाच्या दराने पडणारा फरक तुम्हालाच भरावा लागू शकतो.

वस्तूचा एचएस कोड कसा शोधायचा? आणि कोल्हापुरी चप्पलला भौगोलिक मानांकन आहे, तर परदेशी ब्रँडला ती काढण्यापासून रोखता येते का?
— विद्यार्थिनी, प्रथम वर्ष बी.कॉम., कोल्हापूर

कोड आधी. एचएस कोड म्हणजे सीमाशुल्कासाठी वस्तूला दिलेला वर्गीकरणाचा क्रमांक. ब्रसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेने ठरवलेले पहिले सहा अंक बहुतेक सगळ्या जगात सारखे असतात, पुढचे देश आपापले लावतो. भारतात एकूण आठ अंक. वरून खाली उतरायचे : ०८ म्हणजे फळे, ०८०६ द्राक्षे, ०८०६ १० ताजी, ०८०६ २० सुकी, म्हणजे बेदाणा. नावावरून शोधू नका, वर्णनावरून शोधा. ६४ या पादत्राणांच्या प्रकरणात ६४०३ २० पुढे जे लिहिले आहे त्याचा अर्थ असा : तळ चामड्याचा, आणि वर पायाच्या पाठीवरून जाणारे व अंगठ्याभोवती फिरणारे चामड्याचे पट्टे. कोल्हापुरीचे नाव न घेता कोल्हापुरीच वर्णिली आहे! तळ रबराचा केला की मात्र हे वर्णन लागू होत नाही.

मानांकनाचे उत्तर निराश करणारे आहे. २०१९ मध्ये मिळालेले मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांसाठी आहे, पण भारतातली नोंद भारतापुरती. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानमध्ये तशाच धाटणीच्या चपला दाखवल्या, तेव्हा टीका झाल्यावर कंपनीने प्रेरणा कोल्हापुरीची असल्याचे मान्य केले. पण मानांकन मुख्यतः नावाचे रक्षण करते. ‘कोल्हापुरी’ हे नाव न वापरता नुसता आकार उचलला तर ते हत्यार बोथट पडते, आणि परदेशात त्या नावाचे रक्षण हवे असेल तर तिथे वेगळी नोंद करावी लागते.

सत्राच्या प्रकल्पासाठी ‘एक वस्तू, एक देश’ असा अहवाल करायचा आहे. मी काजू घेतला आहे. सुरुवात कुठून करू?
— विद्यार्थिनी, प्रथम वर्ष बीबीए, मडगाव

काजू उत्तम निवड, पण ‘काजू’ एवढे पुरत नाही. सालासकट कच्चा काजू ०८०१ ३१ आणि सोललेला गर ०८०१ ३२. भारत पहिला आफ्रिकेतून मोठ्या प्रमाणावर आणतो आणि दुसरा विकतो, म्हणून दोन्ही एकत्र केले की सगळे निष्कर्ष उलटेपालटे होतात. तुम्ही ०८०१ ३२ घ्या.

मग जिनिव्हाच्या इंटरनॅशनल ट्रेड सेंटरच्या ट्रेड मॅपवर पाच वर्षांचे आयातदार देश काढा. नुसती रक्कम पाहू नका, प्रमाणही घ्या आणि भागून टनाचा सरासरी भाव काढा. त्या देशात भारताचा भाव व्हिएतनामपेक्षा किती वर-खाली आहे, हा तुमच्या अहवालाचा कणा होईल, कारण गराच्या निर्यातीत व्हिएतनाम सर्वांत पुढे आहे. त्यानंतर त्या देशाचे आयात शुल्क, भारताशी करार आहे का, आणि करार असेल तर मूळ देशाच्या प्रमाणपत्राची अट काय आहे ते पाहा. संयुक्त अरब अमिरातींशी झालेला करार १ मे २०२२ पासून लागू आहे. आपण आफ्रिकेतला काजू इथे फोडून विकतो, म्हणून हा मूळ देशाचा प्रश्न काजूला विशेष लागू पडतो. तो टाळू नका.

एक ठिकाण हमखास गोंधळवते. आपल्या वाणिज्य मंत्रालयाच्या आकड्यांत नेदरलँड्सला गेलेला माल आणि नेदरलँड्सच्या आकड्यांत भारतातून आलेला माल जुळत नाहीत. चूक तुमची नसते. निर्यात एफओबीने मोजतात, आयात सीआयएफने. मार्चमध्ये निघालेले जहाज एप्रिलमध्ये पोचते आणि तिकडच्या आकड्यांत दुसऱ्या महिन्यात येते. शिवाय रॉटरडॅमला उतरून जर्मनीला जाणारा माल इकडे नेदरलँड्सच्या नावावर चढलेला असू शकतो. दोन्ही आकडे शेजारी मांडा, फरक टक्क्यांत काढा आणि खाली कारण लिहा. तोंडी परीक्षेत बहुधा पहिला प्रश्न तिथलाच येईल.